वाहकाचा इतिहास : पवई आणि खारघरमधील कार-टी संशोधन

आयआयटी मुंबईची स्थापना 1958 सालची. युनेस्कोमार्फत आलेली सोव्हिएत मदत, पवई तलावाकाठची जमीन आणि अभियांत्रिकीचे विभाग, या भांडवलावर ही संस्था उभी राहिली. याच संस्थेच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात घडवलेल्या पेशी 4 जून 2021 रोजी खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन केंद्रातील बोन मॅरो ट्रान्सप्लांट कक्षात, एका रुग्णाच्या शिरेतून देण्यात आल्या. भारतातला हा पहिला कार-टी उपचार. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने ‘नेक्सकार19’ या नावाने त्याला विक्रीची परवानगी दिली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईतच त्याचे लोकार्पण झाले. वर्तमानपत्रांनी तेव्हा ठळकपणे सांगितले ते किमतीबद्दल : परदेशात तीन-चार कोटी रुपयांना मिळणारा उपचार आता त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात. बातमी खरी होती. इतिहास म्हणून मात्र ती अपुरी पडते. किमतीच्या अंगाने गोष्ट सांगितली की पवईने परक्या शोधाची स्वस्त नक्कल केली असाच समज वाचकाच्या मनात राहतो, आणि तिथे नेमके कोणते ज्ञान तयार झाले हे सुटून जाते. माझे म्हणणे असे आहे की रेणू शोधणे आणि तो जिवंत पेशीच्या आत, ठरलेल्या प्रमाणात, दर वेळी तितक्याच खात्रीने पोचवणे ही दोन वेगळी संशोधने आहेत. दुसरे पहिल्यापेक्षा हलके नाही. जनुकोपचाराची जगभरची मोठी पीछेहाट या दुसऱ्या संशोधनातच झाली, आणि पवई-खारघरची खरी कमाईही तिथलीच आहे.

आधी उपचाराचे स्वरूप. रक्तातल्या टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांचा नायनाट करतात. ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांच्या काही प्रकारांत बिघडतात त्या बी-पेशी शरीराच्या स्वतःच्याच असल्यामुळे टी-पेशींच्या नजरेतून निसटतात. या बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-19 नावाचे प्रथिन असते. ते ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा टी-पेशीच्या बाहेरच्या अंगाला आणि पेशीला ‘आता मार’ असा संदेश देणारा भाग आतल्या अंगाला, असा जोड-रिसेप्टर, म्हणजेच ‘कार’, बसवला, तर तीच टी-पेशी कर्करोगाच्या मागे लागते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशार आणि गिडिऑन ग्रॉस यांनी 1989 मध्ये असा जोड-रिसेप्टर टी-पेशीवर बसवून दाखवला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातल्या संशोधकांनी त्यात 4-1बीबी नावाचा आणखी एक संदेशवाही भाग जोडला, त्यामुळे या पेशी शरीरात जास्त काळ टिकू लागल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कार्ल जून यांच्या गटाने ही रचना रुग्णांत वापरली. 2012 मध्ये एमिली व्हाइटहेड ही लहान मुलगी त्या उपचाराने बरी झाली आणि 30 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाला मान्यता मिळाली. किंमत होती 4,75,000 डॉलर, म्हणजे रुग्णालयाचा खर्च धरण्याआधीच तीन कोटींच्या आसपास. मूळ कल्पना आणि मान्यता यांत 28 वर्षे गेली. या काळात रिसेप्टरच्या रचनेत सुधारणा होत राहिल्या हे खरे. पण त्या वर्षांचा फार मोठा भाग एकाच प्रश्नात गेला : हे जनुक टी-पेशीत घालायचे कसे?

पेशीचे आवरण चरबीच्या दुहेरी थराचे असते. डीएनए हा आकाराने मोठा आणि ऋण विद्युतभाराचा रेणू या थरातून आपसूक आत जात नाही. कसाबसा आत गेला तर पेशीतली विकरे त्याचे तुकडे करतात, आणि त्यातून वाचला तरी केंद्रकाचा आणखी एक पडदा वाटेत असतो. 1973 मध्ये नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठात फ्रँक ग्रॅहम आणि व्हॅन डर एब यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांबरोबर डीएनए पेशींवर बसवण्याची रीत काढली. प्रयोगशाळेच्या काचपात्रात ती छान चालली, पण रुग्णाच्या नाजूक पेशींना ती सोसणारी नव्हती. विजेच्या झटक्याने आवरणाला क्षणभर छिद्रे पाडण्याची युक्ती 1982 मध्ये आली. मग संशोधक विषाणूंकडे वळले, कारण पेशीत शिरून आपला वारसा तिच्या हवाली करणे हे विषाणूंचे कोट्यवधी वर्षांचे काम. त्याची किंमत माणसांनी मोजली. सप्टेंबर 1999 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा तरुण वाहक म्हणून वापरलेल्या ॲडेनोव्हायरसविरुद्ध उसळलेल्या प्रतिक्रियेने चार दिवसांत मरण पावला. पुढे पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जनुकोपचार झाला. मुले आजारातून बाहेर आली, पण त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाला, कारण वाहक रेट्रोव्हायरस एलएमओ2 या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता आणि त्याने ते जनुक जागे केले होते. पॅरिसमध्ये आत घातलेले जनुक अगदी बरोबर होते. चूक वाहकाची होती. या अनुभवानंतर ज्या वाहकांकडे मोर्चा वळला, त्यांचा पाया 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत घातला गेला होता. लुइजी नाल्दिनी, दिदिए त्रोनो आणि मूळचे भारतीय असलेले इंदर वर्मा यांच्या गटाने एचआयव्हीतून रोग निर्माण करणारा सारा भाग काढून टाकून पेशीत शिरण्याची त्याची क्षमता तेवढी राखली. लेंटिव्हायरस वाहक म्हणतात तो हाच. आज जगात मान्यता मिळालेल्या अनेक कार-टी उपचारांत, आणि पवईच्या उपचारातही, हेच घराणे वापरात आहे.

मुंबईत या कामाची जमीन बरीच आधी तयार झाली होती, आणि संस्थेचा इतिहास लिहिताना तिचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणा ठरेल. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले. डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथे कर्करोगाच्या मूलभूत संशोधनाला घर मिळवून दिले, त्यातून 1952 मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि 1966 मध्ये रुग्णालय व केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. 1949 मध्ये मिळवली. मग त्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढत ठेवण्याची विद्या तेव्हा जगात सर्वात पुढे होती ती याच गे यांच्या प्रयोगशाळेत. तिथून परतून त्यांनी मुंबईत भारतातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशीत काही घालायचे आणि तिला बदलायचे, तर आधी ती शरीराबाहेर काही दिवस जिवंत ठेवता आली पाहिजे. तिला योग्य पोषण, योग्य तापमान आणि जंतूंपासून पूर्ण संरक्षण हवे. हे तंत्र आज नित्याचे वाटते, पण ते आपल्याकडे आणून रुजवावे लागले. पुढे 1983 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण झाले. रोगाने जर्जर झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणून त्याला नव्या पेशी देणे आणि पुढचे कित्येक आठवडे त्याला जपणे, याचा अनुभव तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना तेव्हापासूनचा आहे. कार-टीचा रुग्ण सांभाळायला याहून जवळचा अनुभव दुसरा नाही. खारघरच्या कक्षात 2021 मध्ये जे घडले त्यामागे ही चार दशके उभी होती.

पवईतला धागा सुरू होतो तो 2013 मध्ये डॉ. राहुल पुरवार हार्वर्डमधले संशोधन आटोपून आयआयटी मुंबईत अध्यापक म्हणून रुजू झाले तिथून. अल्का द्विवेदी आणि अथर्व करुळकर हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी या कामाचे आधारस्तंभ ठरले. टाटा मेमोरियलमधून लहान मुलांच्या कर्करोगाचे डॉ. गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्त-कर्करोगाचे डॉ. हसमुख जैन या कामात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉ. निराली शाह यांच्या गटाने चाचणी कशी उभारायची आणि पेशी कशा बनवायच्या याचे अनुभव मोकळेपणाने दिले. द्विवेदी तिथे प्रत्यक्ष काम शिकून आल्या. पहिला निर्णय रिसेप्टरबद्दलचा होता. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बहुतेक सीडी-19 कार-टी उपचारांत रोग ओळखणारा तुकडा एफएमसी63 या उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेला आहे. माणसाची प्रतिकारशक्ती कधी कधी त्यालाच परका समजते. पवईच्या गटाने हा तुकडा मानवी प्रतिपिंडाच्या चौकटीत बसवून नव्याने घडवला. 2021 मध्ये ‘मॉलिक्युलर कॅन्सर थेरप्युटिक्स’ या नियतकालिकात त्यांनी दाखवले की या रचनेच्या टी-पेशी प्रयोगशाळेत आणि उंदरांत कर्करोग तितक्याच जोमाने मारतात, पण सायटोकाइन नावाची दाहकारक प्रथिने कमी सोडतात. कार-टीच्या रुग्णाला अतिदक्षता विभागात नेणारी गोष्ट बहुधा ही प्रथिनेच असतात. अमेरिकेत एमिलीही पहिल्या दिवसांत त्यांच्याच लाटेने मरणाच्या दारात गेली होती. म्हणून ‘कमी सायटोकाइन’ हा निष्कर्ष अतिदक्षता विभागात मोजक्याच खाटा असलेल्या देशात फार मोलाचा ठरतो.

रिसेप्टर कागदावर उत्तम असला तरी तो रुग्णाच्या पेशीत गेला पाहिजे, आणि तिथे खरा कस लागतो. लेंटिव्हायरस वाहक बनवण्याची रीत थोडक्यात अशी. माणसाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या, भराभर वाढणाऱ्या पेशींच्या एका जातीत डीएनएची वेगवेगळी वर्तुळे एकाच वेळी घालतात. एकात हवे ते जनुक असते, बाकीच्यांत विषाणूचे कवच आणि यंत्रणा बनवण्याच्या सूचना. या सूचना मुद्दाम वेगवेगळ्या वर्तुळांत विभागलेल्या असतात, जेणेकरून तयार झालेला कण एकदा पेशीत शिरला की त्याला स्वतःची आणखी पिल्ले काढता येऊ नयेत. दोन-तीन दिवसांत पेशी हे कण सभोवतालच्या द्रवात सोडतात. तो द्रव गोळा करायचा, गाळायचा, त्यातले कण दाट करायचे, किती कण खरोखर कार्यक्षम आहेत ते मोजायचे आणि गोठवून ठेवायचे. यातल्या प्रत्येक पायरीवर माल वाया जातो, आणि एका खेपेतला वाहक दुसऱ्या खेपेइतकाच जोरकस निघाला नाही तर पुढचे सारे गणित कोलमडते. रुग्णाच्या टी-पेशींवर तो किती टाकायचा हाही नाजूक हिशेब आहे. कमी पडला तर पुरेशा पेशी बदलत नाहीत. जास्त झाला तर एकेका पेशीत जनुकाच्या अनेक प्रती जाऊन बसतात आणि पॅरिसमध्ये घडले तसे काही घडण्याची शक्यता वाढते. म्हणून एका पेशीत सरासरी पाचपेक्षा कमी प्रती असाव्यात असा दंडक साधारणपणे पाळला जातो. असा औषधी दर्जाचा वाहक अमेरिकी कंपनीकडून विकत घ्यायचा तर 50 रुग्णांपुरत्या मालाला 8 लाख डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो. पवईत जन्मलेल्या ‘इम्युनोॲक्ट’ या कंपनीने तो स्वतः बनवला. पेशी वाढवण्यासाठी परदेशात वापरली जाणारी महागडी स्वयंचलित यंत्रेही त्यांनी टाळली आणि प्रशिक्षित हातांनी होणारी, तरीही प्रत्येक पायरीवर तपासली जाणारी पद्धत बसवली. किंमत उतरली ती इथे, आणि ती आपोआप उतरली नाही. स्वस्त मजुरीने एवढा फरक पडत नाही. मजुरी हेच कारण असते तर आयात केलेला वाहक आणि आयात केलेली यंत्रे वापरूनही उपचार स्वस्त पडायला हवा होता.

यात अंतराचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या पहिल्या व्यवस्थेत रुग्णाच्या पेशी रुग्णालयात काढायच्या, त्या गोठवून न्यू जर्सीतल्या मॉरिस प्लेन्स इथल्या कारखान्यात पाठवायच्या, तिथे बदलायच्या आणि पुन्हा विमानाने रुग्णापर्यंत आणायच्या, असा क्रम होता. ज्याचा रोग केमोथेरपीला जुमानत नाही अशा रुग्णाला यात जाणारे आठवडे परवडत नाहीत. पवई आणि खारघर एकाच महानगर प्रदेशात आहेत. पेशी बनवणारे आणि पेशी देणारे एकमेकांना भेटू शकत होते. पेशी वाढायला एक-दोन दिवस जास्त लागले तर पेशी देण्याआधीची रुग्णाची केमो पुढे ढकलण्याचा निर्णय समोरासमोर होऊ शकत होता. केंद्र सरकारच्या बायोफार्मा मिशनमधून पहिल्या मानवी चाचणीसाठी 19.15 कोटी रुपये मिळाले तेही आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या संयुक्त गटाला. औषधाच्या चाचणीसाठी ही रक्कम मोठी नव्हे. तेवढ्यावर काम पुढे गेले याचे श्रेय मी या दोन संस्थांच्या जोडणीला देतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप असा की कल्पना वाइझमनची, रचना सेंट ज्यूड आणि पेनसिल्व्हेनियाची, वाहक साल्कचा, मग पवईचे स्वतःचे काय? हा आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण संस्थांच्या स्मरणिकांत उसने श्रेय मिरवण्याची सवय आपल्याकडे नवी नाही. 1989 ची कल्पना भारतीय नव्हती. पण हाच निकष पेनसिल्व्हेनियाला लावला तर त्यांच्याही पदरात थोडेच पडते, कारण त्यांनीही सेंट ज्यूडची रचना आणि साल्कचे वाहक घेऊनच काम केले. तरी त्यांचे योगदान कुणी नाकारत नाही, कारण माणसात ते चालते हे त्यांनी दाखवले. पवईने याच साखळीत स्वतःच्या कड्या जोडल्या. रोग ओळखणारा तुकडा नव्याने घडवला, वाहक बनवण्याची क्षमता देशात आणली, आणि जिथे रुग्ण बहुधा उशिरा, कुपोषित आणि आधीच्या उपचारांनी थकलेल्या अवस्थेत पोचतो अशा परिस्थितीत तो उपचार तपासला. शेवटची कडी मला सर्वात महत्त्वाची वाटते. अमेरिकी चाचण्यांची उत्तरे भारतीय रुग्णाला जशीच्या तशी लागू होतील हे गृहीत धरता येत नव्हते. ते इथेच पाहावे लागणार होते.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये 2025 मध्ये आलेल्या ‘नेक्सकार19’च्या चाचणीच्या अहवालात 64 रुग्णांचा समावेश आहे. परिणाम तपासता आले अशा 51 रुग्णांपैकी 37 जणांत, म्हणजे 73 टक्क्यांत, रोगाने माघार घेतली. शेजारी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि 51 ही संख्या लहान आहे. उपचाराशी संबंधित असे दोन मृत्यूही झाले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि बिंबिका धोकादायक पातळीपर्यंत उतरणे तर बहुतेकांत दिसले. हे आकडे लपवण्याचे कारण नाही आणि अहवालाने ते लपवलेलेही नाहीत. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हे सगळे रुग्ण आधीचे उपचार निष्फळ ठरलेले किंवा रोग उलटलेले होते. त्यांच्यापुढे दुसरा खात्रीचा मार्ग फारसा उरलेला नव्हता, आणि अशा अवस्थेत तुलनेसाठी काही जणांना उपचारापासून दूर ठेवणे कुणाही डॉक्टरला जड गेले असते. अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली तीही शेकडो रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीवर नव्हे, तर साठ-सत्तर रुग्णांच्या एकाच गटाच्या निष्कर्षावर. म्हणून 73 टक्के हा आकडा आशादायक म्हणावा, अंतिम म्हणू नये. यातल्या किती जणांचा रोग पाच वर्षांनीही दूर राहील, हे पाच वर्षे गेल्यावरच कळेल.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. सरकारी संस्थेत, सरकारी निधीतून झालेले संशोधन ‘इम्युनोॲक्ट’ या खासगी कंपनीकडे गेले. त्या कंपनीत पुढे हैदराबादच्या लॉरस लॅब्जने भांडवल घातले, आणि उपचाराची किंमत चाळीस लाखांच्या घरात ठरली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे छत्र एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे. गडचिरोलीच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या घरात ल्युकेमिया आला तर चार कोटी आणि चाळीस लाख यांत त्याला काय फरक? दोन्ही रकमा तितक्याच अशक्य. आक्षेपाचा हा भाग मी पूर्ण मान्य करतो. पण कंपनी काढणे हीच चूक होती, असा त्यावरून निष्कर्ष काढणे मला पटत नाही. औषधी दर्जाची क्लीन रूम, दर खेपेची निर्जंतुकता तपासणी, बारा महिने चोवीस तास राबणारी कुशल माणसे, देशभरच्या रुग्णालयांशी समन्वय, हे विद्यापीठाच्या विभागाचे काम नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी प्रबंध पूर्ण करून निघून जातो. रुग्णाच्या पेशी त्याच्या वेळापत्रकावर थांबत नाहीत. ‘साइन’ या आयआयटीच्या उद्योग-संवर्धन केंद्रातून कंपनी उभी राहिली नसती तर पवईचे संशोधन शोधनिबंधात राहिले असते आणि 2024 मध्येही भारतीय रुग्णाला अमेरिकेचे किंवा चीनचे तिकीट काढावे लागले असते. उणीव आहे ती पुढच्या पायरीची. सरकारने निधी देताना त्यातून येणाऱ्या उपचाराचा काही वाटा सार्वजनिक रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांसाठी राखण्याची अट घालावी, आणि राज्यांच्या आरोग्य योजनांनी अशा एकदाच द्यायच्या उपचारासाठी वेगळी तरतूद करावी. वर्षानुवर्षे चालणाऱ्या औषधांच्या खर्चाशी एकदाच होणाऱ्या खर्चाची तुलना करून धोरण ठरवण्याची सवय आपल्या योजनांना अजून लागलेली नाही.

चौथा मुद्दा आक्षेपापेक्षा शंकेच्या स्वरूपाचा आहे : हे सगळे लवकरच जुने होईल का? मेसेंजर आरएनएमधली अक्षरे बदलून ती शरीराला सोसवण्याच्या कामासाठी कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना 2023 चे नोबेल मिळाले. त्याआधी 2020 मध्ये क्रिस्परसाठी जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांना मिळाले होते. आता टी-पेशी बाहेर न काढता, चरबीच्या अतिसूक्ष्म कणांतून सूचना शिरेवाटे देऊन त्या शरीरातच बदलण्याचे प्रयोग माणसांवर सुरू झाले आहेत. ते यशस्वी झाले तर क्लीन रूममधले आठ-दहा दिवस वाचतील आणि किंमत आणखी उतरेल. माझ्या मते यामुळे पवईच्या कामाचे मोल वाढतेच. क्रिस्परची कात्री असो वा आरएनए, ते नेमक्या पेशीत, नेमक्या मात्रेत नेण्याचा प्रश्न तोच राहतो, आणि आज या क्षेत्रातली बहुतेक अडलेली कामे तिथेच अडलेली आहेत. चरबीचे कण यकृतात सहज जातात, टी-पेशीत सहज जात नाहीत. ज्या संस्थेने एक वाहक स्वतः बनवायचा, मोजायचा आणि रुग्णाला देऊन पाहायचा अनुभव घेतला, ती संस्था दुसऱ्या वाहकाकडे रिकाम्या हाताने जात नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत, सिकलसेल हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आजार आहे. त्याच्यावरचा क्रिस्पर उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाला, पण त्याची किंमत कार-टीहूनही कित्येक पटींनी जास्त आहे. इथेही गाडी अडते ती बदललेल्या पेशी बनवण्याच्या आणि देण्याच्या खर्चावर.

राहते एक काम, आणि ते मला सर्वात निकडीचे वाटते. लेंटिव्हायरस वाहकाने घातलेले जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचे बसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 च्या अखेरीस कार-टी घेतलेल्या काही रुग्णांत टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याचे जाहीर केले आणि 2024 च्या सुरुवातीला औषधांच्या माहितीत त्याचा इशारा छापायला लावला. असे रुग्ण फार थोडे आहेत आणि उपचाराचा लाभ धोक्यापेक्षा मोठा आहे, हेही त्या प्रशासनाने सांगितले. तरीही जनुक कायमचे बसत असल्यामुळे अशा वाहकाने उपचार झालेल्या रुग्णावर 15 वर्षे लक्ष ठेवावे अशी त्यांची शिफारस आहे. या हिशेबाने 4 जून 2021 च्या रुग्णाचा पाठपुरावा 2036 पर्यंत चालायला हवा आणि आज ज्यांना पेशी मिळत आहेत त्यांचा चाळिसाच्या दशकापर्यंत. आपल्याकडे रुग्ण गाव बदलतो, फोन नंबर बदलतो, फाइल हरवते, प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो. हे पंधरा वर्षांचे वहीखाते कोणतीही कंपनी केवळ स्वतःच्या बळावर सांभाळू शकणार नाही, तिने तसे करावे अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून यासाठी कायमस्वरूपी निधी, दोन-चार पूर्णवेळ माणसे आणि देशभरातल्या रुग्णालयांना जोडणारी एक नोंदवही आत्ताच उभी करावी, आणि या स्मरणिकेच्या वाचकांपैकी ज्यांना आर्थिक वा संस्थात्मक मदत करणे शक्य आहे त्यांनी ती याच कामाला द्यावी.